प्लेग आणि परतीची वाट : मुंबई, १८९६-९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांना ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांपैकी सुमारे ३,८०,००० लोक शहर सोडून गेल्याचा अंदाज करण्यात आला. तत्कालीन राज्यकर्त्यांनी ह्या घटनेस ‘घबराट’ असे नाव दिले. भीतीने माणूस शहर सोडतो हे खरे; परंतु तो नेमका आपल्या मुलखाकडेच का वळतो, ह्याचा उलगडा त्यायोगे होत नाही.

सरकारी सक्ती हे दुसरे कारण सांगितले जाते. ६ ऑक्टोबर १८९६ च्या जाहीरनाम्याने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार पालिकेस मिळाला. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, जातिधर्म व अंत्यसंस्कार ह्यांस तो मुकतो, ही समजूत सर्वत्र पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि सक्ती लगेच सैल करण्यात आली. तथापि स्थलांतराचा खरा जोर त्यानंतरच्या हिवाळ्यात दिसतो. सबब केवळ सक्तीही पुरेसे कारण ठरत नाही.

खरे कारण कामगाराच्या कुटुंबरचनेत शोधावे लागते. १९०१ च्या शिरगणतीनुसारही मुंबईतील रहिवाशांपैकी शहरात जन्मलेले एक चतुर्थांशाहून कमी होते. रत्नागिरीचा वा साताऱ्याचा गडी गिरणीत राबे. त्याची बायकामुले, घर व जमिनीचा तुकडा बहुधा गावी असे. पेरणी, शिमगा व लग्नसराई ह्या निमित्ताने जाण्यायेण्याची वाट मळलेली होती. चाळीतील सामाईक खोलीत आजाऱ्याची शुश्रूषा कोण करणार? काम थांबले की मजुरी थांबे. आजारपण, बेकारी व म्हातारपण ह्यांचा भार गावच उचलीत असे. संकटकाळी परतणे ही ह्याच व्यवस्थेची स्वाभाविक परिणती होय.

ह्या परतीने कामगारांचे बळही काही काळ वाढले. एरवी महिन्याचा पगार थकवून ठेवणाऱ्या गिरण्यांना माणसे टिकविण्यासाठी रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. मात्र ज्यांना गावी घर वा जमीन नव्हती, त्यांना ही वाट मोकळी नव्हती. शिवाय परतणाऱ्यांबरोबर रोगही जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. पुढे लोक पुन्हा आले : १९०१ मध्ये ७,७६,००६ असलेली लोकसंख्या १९०६ मध्ये ९,७७,८२२ झाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने रेल्वे बंद झाली, तेव्हा मुंबईतील परप्रांतीय मजूर पायी निघाले. त्यांच्यासाठीच्या विशेष गाड्या १ मेपासून सुटू लागल्या. रोग व राजवट बदलली होती. परंतु श्रम शहराने घ्यावेत आणि श्रमिकाच्या आपत्तीचा भार गावाने वाहावा, ही १८९६ मधील विभागणी पुष्कळ अंशी तशीच राहिली होती.