रजोनिवृत्ती : न बोललेल्या गोष्टीचा इतिहास

आज सुरुवात शब्दांपासून करू. आपल्या भाषेत पाळीला किती नावं आहेत बघा. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे. सगळी आडून बोलणारी, पण निदान नावं आहेत. पाळी थांबण्याला मात्र 'गेली' एवढं एकच क्रियापद. 'रजोनिवृत्ती' हा शब्द पुस्तकातला. स्वयंपाकघरात तो कुणी उच्चारलेला आम्ही ऐकलेला नाही. आजचा आपला प्रश्न असा : निम्म्या मानवजातीच्या वाट्याला येणाऱ्या या बदलाविषयी बोलणं इतकं अवघड का झालं? अज्ञानामुळे? आमचं उत्तर आहे, नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्पष्ट सांगितलं आहे की रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षानंतर सुरू होते आणि शरीर जरेने पिकलं की पन्नाशीला थांबते. तिकडे ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहिलं की बहुतेक स्त्रियांची पाळी चाळिशीच्या सुमारास थांबते, काहींची पन्नाशीपर्यंत चालते. म्हणजे माहिती दोन हजार वर्षांपूर्वीही होती. पण ती वाक्यं अपत्य केव्हापर्यंत होऊ शकतं याचा हिशेब मांडतात. त्या वयातल्या बाईची झोप का मोडते, हा प्रश्न त्यांच्यात नाही.

आपल्या घरांत मौनाला आणखी एक कारण होतं, आणि ते जरा उलटं आहे. जिथे चार दिवस बाजूला बसण्याचा नियम कडक होता, तिथे पाळी जाणं म्हणजे सुटका. देवघर खुलं, लोणच्याची बरणी खुली, सोवळ्यातला स्वयंपाक खुला. घरातलं वजनही वाढायचं. आता 'सुटलीस गं बाई' असं सगळ्यांनी म्हटल्यावर, मध्यरात्री घामाने भिजून उठणाऱ्या बाईने तक्रार करायची कुणाकडे? तिची सुटका खरी होती आणि त्रासही खरा होता. पण विटाळाच्या भाषेत पहिल्यालाच जागा होती. शिवाय शरीराविषयी मराठीत उघड लिहिण्याची किंमत काय असते, ते र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून अनुभवलंच. अश्लीलतेचे खटले त्यांना सोसावे लागले.

युरोपात काय झालं? गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये 'संकटकाळाच्या वयात' शिरणाऱ्या स्त्रियांना सल्ला देणारं पुस्तक लिहिलं. महिना आणि थांबणं या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने नवं नाव घडवलं, आणि १८२१ मध्ये ते 'मेनोपॉज' असं स्थिरावलं. नाव मिळालं, पण ते दवाखान्यात मिळालं. पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. १९४२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी तिथे बाजारात आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने गाजलेल्या पुस्तकात सांगितलं की रजोनिवृत्ती हा संप्रेरकाच्या कमतरतेचा रोग आहे आणि गोळी घेतली की स्त्रीत्व कायम राहतं. त्याच्या कामाला औषध कंपन्यांचा पैसा होता, हे नंतर उघड झालं. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दिसला. २००२ मध्ये संयुक्त गोळीची मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाचा धोका दिसल्यामुळे मुदतीआधीच थांबवली गेली, आणि लाखो स्त्रिया घाबरल्या. पुढे वयोगटानुसार आकडे पाहिल्यावर कळलं की साठीच्या आतल्या, जास्त त्रास असलेल्या अनेकींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा उपचार उपयोगी ठरतो. पाहा, आधी गप्प राहा, मग गोळी घ्या, मग गोळीला भ्या! या तिन्ही आज्ञा बाईला बाहेरूनच आल्या.

मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी वेगळी वाट धरली. त्यांनी जपानी स्त्रियांनाच विचारलं. १९९३ च्या त्यांच्या ग्रंथात दिसतं की तिथे 'कोनेन्की' म्हणजे आयुष्याचं एक लांब वळण, नुसतं पाळी थांबणं नव्हे. अंगातून वाफा येण्याला तिथे खास असा शब्द नव्हता, आणि ती तक्रार उत्तर अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी होती. खांदे आखडल्याची तक्रार अधिक. याचा अर्थ त्रास मनाचे खेळ असतात असा कुणी घेऊ नये. शरीर, आहार आणि भाषा, तिन्ही मिळून अनुभव घडतो, एवढंच.

आता घराजवळ येऊ. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, त्यांतल्या कित्येकी तरुण. उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जाणार, फडावर ना पाणी ना आडोसा. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून गेलं तर कर्करोगाची भीती घातली जाते. 'पिशवी' काढली की कटकट संपली, असं सांगणारे पुष्कळ. पण अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि हाडं वेळेआधी ठिसूळ होऊ लागतात, हे सांगणारं कोण? मौन महाग पडतं ते असं, आणि सर्वांत महाग गरिबाला पडतं.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वचिंतक बाईंनी २००७ मध्ये अन्यायाचा एक प्रकार दाखवून दिला : स्वतःच्या अनुभवाचा अर्थ लावायला समाजाजवळ शब्दच नसणं. आम्हाला तो वाचताना स्वतःचीच आठवण झाली. तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट पदरी असून, पन्नाशीच्या आसपास भर वर्गात घामाने थबथबल्यावर आम्ही 'पंखा वाढव रे' यापलीकडे काही बोललो नाही. घरीही नाही.

तेव्हा माहिती हवी, दवाखाने हवेत, हे आहेच. पण इतिहास सांगतो की माहिती होती, गोळीही होती. नव्हतं ते विचारणारं आणि ऐकणारं माणूस. आज घरी गेल्यावर आई, सासू, बहीण, बायको, जी कुणी त्या वयाची असेल तिला एवढंच विचारा : 'रात्री झोप लागते का गं नीट?' आणि मग गप्प बसून ऐका.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पुरुषांनीही विचारायला हरकत नाही.