श्रोत्यांचा कौल आणि न मोजलेली गाणी

१/१४
‘लोकांना कोणते गाणे आवडते?’ हा प्रश्न वरवर साधा वाटतो. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापाठोपाठ आणखी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी विचारले, कोणाला विचारले आणि मोजले काय? आजचा थ्रेड बिनाका गीतमालेविषयी आणि त्या यादीत ज्यांना जागा मिळणे शक्यच नव्हते, अशा रायगड किनाऱ्यावरील गाण्यांविषयी.

२/१४
आरंभ १९५२ पासून करू. त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीताला राजाश्रय उरला नाही, तेव्हा नभोवाणीने तो द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. चित्रपटगीत त्यांना उथळ वाटे. आकाशवाणीवर त्या गीतांची वेळ घटली, निवड कडक झाली. निर्मात्यांशी वाद होऊन प्रक्षेपणाचे परवानेही काढून घेतले गेले.

३/१४
गाणी मात्र थांबली नाहीत. ती समुद्रापलीकडून येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये शक्तिशाली प्रक्षेपक उभारला गेला होता. युद्धानंतर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. त्याच्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन भारतभर पोहोचत. दिल्लीने दार लावले आणि कोलंबोने खिडकी उघडली, असेच म्हणावे लागेल.

४/१४
डिसेंबर १९५२ मध्ये त्या खिडकीतून ‘बिनाका गीतमाला’ ऐकू येऊ लागली. वार बुधवार, वेळ रात्री आठची. निवेदक अमीन सयानी जेमतेम वीस वर्षांचे होते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. संहिता लिहिणे, निवेदन करणे आणि पत्रे तपासणे या साऱ्या कामाचे त्यांना आठवड्याला २५ रुपये मिळत.

५/१४
आरंभी ही लोकप्रियतेची यादी नव्हतीच; ती एक स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती कालक्रमानुसार लावून पाठवायची. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० च्या घरात गेला. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा १९५४ मध्ये स्पर्धा बंद करून गाण्यांना क्रमांक देण्याची पद्धत आली. सयानी या क्रमांकांना ‘पायदान’ म्हणत.

६/१४
हे क्रमांक ठरत कसे? मुख्य आधार होता ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचा. देशातील निवडक मोठ्या दुकानांकडून दर आठवड्याला आकडे मागवले जात. येथे क्षणभर थांबा. ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे आणि शहरातील दुकानात जाऊन तबकडी विकत घेण्याची ज्याची ऐपत आहे, त्याचेच मत या हिशेबात धरले जाई. चहाच्या टपरीवर उभे राहून गाणे ऐकणाऱ्याच्या आवडीची नोंद कुठेच होत नसे.

७/१४
ही उणीव खुद्द सयानींच्या लक्षात आली होती. गाणे गाजलेले असते, पण दुकानातील तबकड्या संपलेल्या असतात; मग विक्रीचा आकडा खोटे बोलतो. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मते त्यात मिळवली जाऊ लागली. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव फर्माईशी पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले, ते याच संस्कृतीतून. पोस्टकार्ड ही तेव्हाची मतपत्रिका होती.

८/१४
आता एक तुलना. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ट्रिपल जे या केंद्राने श्रोत्यांकडून आवडत्या गाण्यांची मते मागवून ‘हॉटेस्ट १००’ ही यादी सुरू केली. हे केंद्र ‘पर्यायी’ संगीतासाठी ओळखले जाई, म्हणजे व्यावसायिक केंद्रे जे फारसे वाजवत नसत त्या संगीतासाठी. १९५२ च्या भारतात मात्र चित्र उलटे दिसते. अधिकृत केंद्राने दूर सारलेले बाजाराचे गाणे हेच येथे ‘पर्यायी’ ठरले होते.

९/१४
अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत आकाशवाणीवर सन्मानाने परतले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर येथे तिच्यावर जाहिरातीही आल्या. पुढे १९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली. एकेकाळी दाराबाहेर ठेवलेले गाणे आता घरचे यजमान झाले होते.

१०/१४
आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आजचा रायगड १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. मुंबई केंद्राच्या मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा दूर जातात. अलिबागच्या बाजूला त्यांचा मार्ग बराचसा समुद्रावरूनच आहे. तरीही आधी रेडिओ विकत घ्यायला हवा, त्यासाठी वीज किंवा बॅटरी हवी आणि वर टपाल कचेरीतून परवानाही काढायला हवा. स्वस्त ट्रान्झिस्टर येईपर्यंत रेडिओ ही मोजक्या घरांची वस्तू होती.

११/१४
भाऊच्या धक्क्यावरून रेवसला परतणाऱ्या कामगारांचे गाणे मुंबई केंद्रावर अजिबात नव्हते, असे नाही. ‘कामगारसभा’ होती, मराठी फर्माईशींची ‘आपली आवड’ होती. कोळीगीतेही गाजली. त्यांतील सर्वांत परिचित गीते शान्ता शेळके यांनी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायली. ती सुंदर आहेतच. पण ती कोळीवाड्याविषयीची गाणी आहेत, कोळीवाड्यात जन्मलेली नव्हेत.

१२/१४
किनाऱ्यावरील आगरी-कोळी समाजात लग्नाचे गाणे म्हणजे धवला, आणि तो गाणारी ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे वेगळे. ती पुढे म्हणते, बाकीच्या बायका मागून धरतात. विधींचा क्रमही तिच्या गाण्यातच सांभाळलेला असतो. हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. विक्रीच्या आकड्यांवर उभ्या राहिलेल्या यादीत ते कसे येणार? त्याची तबकडी दुकानात नव्हती, म्हणून त्याचा आकडाही नव्हता.

१३/१४
येथे गीतमालेला दोष देण्याचा हेतू नाही. हिंदी चित्रपटगीतांची यादी ठेवणे हेच तिचे काम होते आणि ते तिने प्रामाणिकपणे केले. चूक आपली होते. पन्नास वर्षांनी आपण ती यादी हाती घेतो आणि ‘त्या काळी लोक हेच गात होते’ असे लिहून मोकळे होतो. यादीवरून लोक काय विकत घेत आणि काय मागत, एवढेच कळते. ते काय गात होते, हे शोधायला दुसरीकडे जावे लागते.

१४/१४
गेल्या वर्षी अलिबाग तालुक्यात एका हळदीला गेलो होतो. ध्वनिवर्धकावर सगळी नवी गाणी चालू होती. स्वयंपाकघराच्या दाराशी एक आजी हळद कालवताना स्वतःशीच धवला म्हणत होत्या. मी खिशातून मोबाइल काढेपर्यंत त्यांना कोणीतरी हाक मारली आणि त्या उठून गेल्या. तुमच्या घरी अशी आजी, काकी, मावशी असेल, तर या सुट्टीत तिच्यापाशी बसा, तिची परवानगी घ्या आणि ध्वनिमुद्रण करा. सोबत तिचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणत्या विधीचे आहे, हे लिहून ठेवा. पुढचा अभ्यासक तुमचे आभार मानील.