सर्व्हरला वाचा फुटली त्याची गोष्ट

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९१ साली आणलेल्या एचटीटीपीत ब्राउझर एकच ओळ पाठवायचा: ‘गेट’ आणि पुढे पानाचा पत्ता. सर्व्हर ते पान धाडायचा आणि जोडणी तोडायचा. विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हा सर्व्हरवरचा दंडक तेव्हापासूनचा.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रातून सीजीआय आले आणि पानामागे प्रोग्राम उभा राहिला. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर त्याच्या हाती पडू लागला. तो जे छापील ते ब्राउझरला दिसे. पण दर विनंतीला नवी प्रोसेस सुरू व्हायची आणि एक आकडा बदलायचा तरी अख्खे पान पुन्हा यायचे.

त्यातून वाट काढली ती मायक्रोसॉफ्टच्या ईमेलवाल्यांनी. ब्राउझरमध्ये आउटलुक चालवायचे तर दर क्लिकला पान कोरे होऊन चालणार नव्हते. म्हणून पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलणारा एक घटक त्यांनी लिहिला आणि तो एक्सएमएल लायब्ररीतून १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर बाहेर पडला. एक्सएमएलएचटीटीपी हे नाव त्यामुळे चिकटले. प्रत्यक्षात त्यातून कोणताही मजकूर जातो. जीमेल आणि गूगल मॅप्स याच तंत्रावर उभे राहिले. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याला ‘एजॅक्स’ म्हटले. या सगळ्या वाटचालीतले सर्वांत मोठे वळण मला हेच वाटते, आणि ते कुठल्या मानक-समितीने नव्हे, कामाच्या निकडीने घडवले.

तरी दंडक कायमच होता. ब्राउझरने विचारायचे आणि सांगण्यासारखे काही घडेपर्यंत सर्व्हरने उत्तर अडवून धरायचे, या ‘लाँग पोलिंग’च्या जुगाडावर चॅटची कितीतरी पाने चालली.

डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचे मानक आले. सुरुवात त्याच जुन्या ‘गेट’ने होते, सोबत ‘अपग्रेड: वेबसॉकेट’ ही ओळ आणि १६ बाइटांची यादृच्छिक किल्ली. सर्व्हर त्या किल्लीला मानकात ठरलेली अक्षरमाला जोडतो, एसएचए-१ ने तिचा ठसा काढतो आणि १०१ या क्रमांकासह परत पाठवतो. ठसा जुळला की जोडणी उघडी राहते आणि दोघांपैकी कुणीही आधी बोलू शकतो.

नवे ॲप बांधणाऱ्यांना एवढेच सांगणे: सर्व्हरला आपणहून काही सांगायचे नसेल, तर वेबसॉकेटच्या मागे लागू नका. उघडी जोडणी सर्व्हरची मेमरी खाते. साधी ‘गेट’ विनंती आजही पुरते.