खरेदीची जुनी वाट

आमच्या आजोबांच्या पिढीत मराठवाड्यातल्या आमच्या तेलगावातल्या माणसाला ‘मोठं दुकान’ म्हटलं की मुंबई-पुणं आठवत नसे, हैदराबाद आठवे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी हद्दीतल्या नगरला किंवा सोलापूरला खरेदीला जायचं तर खिशातला निजामाचा हाली सिक्का कामाचा नसे, इंग्रजांचे कलदार रुपये लागत. सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत, आणि परत येताना सरहद्दीवर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं असेच. मग घरात लग्न निघालं, हात जरा सैल असला, की बैलगाडी सिरसाळ्यावरून परळीला जाई. वैजनाथाला हात जोडून माणसं रेल्वेत बसत आणि उदगीर, बिदर, विकाराबाद करत हैदराबाद गाठत.

आमचे आजोबा, म्हणजे आबा, या प्रवासाचं सांगू लागले की शेवटी हैदराबादेतल्या आबिड्सवर येऊन थांबत. गंमत अशी, की ज्या दुकानामुळे त्या भागाला हे नाव पडलं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. अल्बर्ट आबिद हा आर्मेनियन गृहस्थ सहावा निजाम महबूब अली खान याच्या खास सेवेत होता. निजामाच्या पोशाखांची व्यवस्था त्याच्याकडे असे. त्यानं तिथं विलायती मालाचं मोठं दुकान थाटलं. निजाम एकदा घातलेला कपडा पुन्हा अंगाला लावत नसे आणि तेच कपडे आबिदच्या दुकानातून पुन्हा वाड्यात विकले जात, अशी एक गोष्ट जुनी माणसं सांगतात. खरंखोटं कुणास ठाऊक, पण ती गोष्ट तेलगावच्या पारापर्यंत पोचली होती. दुकान मोडलं, त्या जागी पॅलेस टॉकीज आली, टॉकीजच्या जागी बिग बाजार आला. आणि 2022 मध्ये देशभर बिग बाजारच्याही पाट्या उतरल्या. आबिड्स हे नाव मात्र सगळ्यांना पुरून उरलं.

आबांची खरी खरेदी त्या झगमगाटात नसायचीच. कापड पत्थरगट्टीला, आजीसाठी लाखेच्या बांगड्या चारमिनारजवळच्या लाड बाजारात. 1935 साली उभी राहिलेली मोअज्जम जाही मार्केटची दगडी इमारत ते नुसती बघत फिरत. मोठ्या दुकानासमोर उभं राहून आतलं बघणं हाही त्यांच्या लेखी खरेदीचाच भाग होता. घरी आल्यावर पिशवीतलं सामान एका दिवसात वाटून संपे. पाहिलेलं मात्र ते वर्षभर सांगत राहत.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला त्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पुढे हाली सिक्काही गेला. कचेऱ्या, कॉलेजं, नोकऱ्या औरंगाबाद-पुण्याकडे वळल्या, त्यांच्यामागोमाग लग्नाचे बस्तेही वळले. गावानं ठरवून काही बदललं नव्हतं. राज्य बदललं आणि खरेदीची दिशा बदलली.

आज तेलगावची चौफुलीच बाजारपेठ झाली आहे. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते इथं एकमेकांना छेदतात. शेजारी साखर कारखाना आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन निघतात, तेव्हा कोयत्यापासून ताडपत्रीपर्यंत सगळं इथल्या दुकानांतून गाडीत चढतं. शहरांच्या इतिहासात अशा दुकानांना जागा मिळत नाही, आणि आबिदच्यासारख्या दुकानांचा इतिहास लिहिताना काचेबाहेर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही. मला ते गिऱ्हाईक मोलाचं वाटतं. मालकाच्या वहीत विकलेल्या मालाची नोंद असते. कुणाला काय हवंसं वाटलं आणि काय परवडलं नाही, हे फक्त गिऱ्हाईक सांगू शकतं. हाली सिक्का हाताळलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी त्यांच्याजवळ बसावं आणि विचारावं: बाजाराला कुठल्या वाटेनं जायचात, आणि काय न घेता परत आलात? उत्तर येईल ते लिहून ठेवावं.