दंतवैद्याचा दोरा

वाशीम जिल्ह्यातील धनज या गावी काही शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. त्यांच्यापैकी एका गुरुजींच्या दाढेचे रूट कॅनाल नुकतेच झाले होते. ते म्हणाले, "डॉक्टरांनी दाढेत घालायच्या बारीक सुईला आधी दोरा बांधला आणि त्याचे टोक माझ्या गालाबाहेर लोंबत ठेवले. पतंगासारखे! हे कशासाठी हो?" सुई सुटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून, असे उत्तर आम्ही दिले. "म्हणजे पूर्वी कुणाच्या तरी गेली असणार," गुरुजी म्हणाले. त्यांचे खरेच होते. दोऱ्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

आपल्या घशात अन्नाचा आणि हवेचा रस्ता एकमेकांना छेदतो. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण मिटते आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. तरीही एखादा कण चुकून पुढे गेलाच, तर ठसका लागतो. कुणीतरी आठवण काढली असे म्हणून आपण तो हसण्यावारी नेतो. पण हा ठसका म्हणजे शरीराचा दुसरा पहारेकरी होय. दोघांनाही चुकवून वस्तू खाली गेली, तर ती बहुधा उजव्या फुप्फुसात सापडते, कारण उजवी श्वसनी डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ असते.

एकदा आत गेलेली वस्तू काढायची कशी, या प्रश्नापुढे दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठे शल्यवैद्य हतबल होते. 1843 मध्ये इंग्लंडचा प्रसिद्ध अभियंता इझमबार्ड ब्रूनेल आपल्या मुलांना तोंडातून नाणे गायब करण्याची जादू दाखवत होता. सोन्याचे ते नाणे खरेच आत गेले. सर बेंजामिन ब्रोडी यांनी गळ्याला छेद देऊन चिमट्याने ते शोधले, पण हाती लागले नाही. शेवटी एका फिरत्या फळीवर ब्रूनेलला बांधून उलटे करण्यात आले, पाठीवर थापा मारल्या आणि सुमारे सहा आठवड्यांनी नाणे बाहेर पडले. उलटे करण्याचा प्रयोग आधीही झाला होता. पण तेव्हा नाणे स्वरयंत्राला लागताच ते आवळून बसे आणि श्वास कोंडे. गळ्याच्या छेदातून श्वास चालू राहिला, म्हणून दुसऱ्या वेळी गुरुत्वाकर्षणाला आपले काम करता आले.

हे नाणे दंतवैद्याकडे गेले नव्हते हे खरे. मात्र ब्रूनेलच्या प्रसंगानंतर तीनच वर्षांत दंतवैद्यकातच अशी एक गोष्ट घडली, की हा धोका वाढला. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले. त्यापूर्वी दात काढणे म्हणजे यातना. आपल्याकडे आठवडी बाजारात दात काढणारा माणूस रोग्याला समोर बसवी, पकडीने दात उपटी, आणि रोगी रक्तासकट सारे पुढे थुंकून टाकी. वेदना भयंकर, पण रोगी जागा, ताठ बसलेला आणि ठसका शाबूत! ईथर आणि क्लोरोफॉर्मने वेदना गेली, तिच्याबरोबर ठसकाही गेला. गुंगीतल्या माणसाचा निसटलेला दात सरळ श्वासनलिकेत जाऊ शके. पुढे केवळ हिरडी बधिर करणारी औषधे आली तेव्हा ठसका परत मिळाला. तरी जीभ आणि गाल बधिर असल्याने तोंडात काय सुटले हे रोग्याला नीट समजत नाही.

वस्तू आत गेल्यावरचे उपाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आले. 1895 मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि धातूची वस्तू दिसू लागली. 1897 मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्टाफ किलियान यांनी एका शेतकऱ्याचा घसा कोकेनने बधिर करून तोंडातून सरळ नळी आत घातली आणि उजव्या श्वसनीत अडकलेला हाडाचा तुकडा चिमट्याने बाहेर काढला. श्वासनलिका इतकी सरळ करता येते, हेच तोवर कुणाला वाटत नव्हते. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन यांनी ही विद्या कळसाला नेली. रोग्यांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासमार्गातून निघालेल्या 2,374 वस्तूंचा त्यांचा संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. सेफ्टी पिना, बटणे, नाणी, शेंगदाणे! शेंगदाणा आपल्याकडच्या लहान मुलांचाही जुनाच वैरी आहे.

पण दंतवैद्याचे साहित्य एका बाबतीत फसवे. साधी ॲक्रिलिकची कवळी क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक असते. तिचा तुकडा छातीत गेला तर चित्रात काहीच न दिसण्याचा संभव असतो.

त्यानंतर खुर्ची बदलली. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून रोग्याला जवळजवळ आडवे झोपवणाऱ्या खुर्च्या प्रचारात आल्या. दंतवैद्याची पाठ वाचली, काम नेटके होऊ लागले. मात्र पूर्वी हातून सुटलेली टोपी जिभेवर किंवा मांडीवर पडे, ती आता थेट घशाच्या दिशेने जाते. ब्रूनेलला वाचवणारे गुरुत्वाकर्षण इथे विरुद्ध पक्षाला मिळाले.

त्यावरचा उत्तम उपाय मात्र या सगळ्याच्या आधीचा, आणि वेगळ्याच कामासाठी निघालेला आहे. त्या काळी दातांत सोन्याचा वर्ख ठोकून भरत. थुंकीने ओला झाला की वर्ख एकजीव होत नसे. वैतागून न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये रबराच्या पातळ पत्र्याला भोक पाडून तो दातावर चढवला. दात कोरडा राहिला! हाच रबर डॅम आज घशापुढचा पडदा म्हणून उपयोगी पडतो. तो लावणे जमत नसेल तेथे घशापुढे कापसाची जाळीदार पट्टी ठेवतात. आणि सुईला दोरा बांधतात.

शोधाची साधनेही सुधारली. मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते हे 1954 मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वावर जपानच्या शिगेतो इकेदा यांनी 1966 मध्ये वाकणारी ब्रॉंकोस्कोप दुर्बीण जगापुढे मांडली.

निसटलेली बहुतेक वस्तू अन्ननलिकेत जाते आणि शौचावाटे पडते, हे सुदैव. श्वसनीत गेली तर आधी जोराचा ठसका लागतो, आणि मग पुष्कळदा तो थांबतो. खरी गफलत इथेच होते. रोग्याला बरे वाटते, तो घरी जातो. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी ताप आणि खोकला सुरू होतो, आणि न्यूमोनिया किंवा क्षय समजून औषधे चालू राहतात. म्हणून वस्तू हरवली आणि टेबलावर, जमिनीवर, थुंकदाणीत सापडली नाही, तर रोगी ठणठणीत दिसत असला तरी छातीचे आणि पोटाचे क्ष-किरण चित्र काढावे लागते.

हे सारे आम्ही गुरुजींना सांगितले. दुर्बिणीने वस्तू काढणारा तज्ज्ञ धनजमध्ये नाही. अमरावती, अकोला, नाही तर नागपूर गाठावे लागेल, हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला. मग गालाला हात लावून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात टोपी बसवायची आहे. तिला दोरा कुठून बांधणार?" प्रश्न बिनतोड होता. गुळगुळीत टोपीला दोरा बांधता येत नाही. ती बसवताना घशापुढे पट्टी ठेवा आणि मला जरा बसते करा, असे डॉक्टरांना सांगायचे त्यांनी ठरवले.