डोंगर, दुर्बीण आणि बहुमत

आकाशातील तारे लुकलुकतात, हे कवीला मोहक वाटते. खगोलशास्त्रज्ञाची मात्र ती जुनी डोकेदुखी आहे. ताऱ्याचा प्रकाश वर्षानुवर्षांचा प्रवास निर्वेधपणे करून येतो आणि अखेरच्या काही मैलांत, पृथ्वीच्या अस्वस्थ हवेत, विस्कटतो. म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही तारा एका थरथरत्या ठिपक्यापलीकडे दिसत नसे. डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर मायकेलसन आणि पीज ह्यांनी २० फुटी तुळईवर आरसे बसवले, दोन ठिकाणी पकडलेला प्रकाश एकत्र आणला आणि मृगातील काक्षी ह्या ताऱ्याचा व्यास मोजला. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास प्रत्यक्ष मोजण्याची ती पहिलीच वेळ. दूरदूरच्या आरशांतला प्रकाश जुळवला, तर एका प्रचंड आरशाइतके बारीक दिसू शकते, हे तेथे सिद्ध झाले. पण त्यासाठी हवा शांत हवी, म्हणजे उंच, कोरडा आणि गावांच्या दिव्यांपासून दूर असा डोंगर हवा. असे डोंगर जगात थोडे. आणि जे आहेत, ते क्वचितच कोणाचे नसतात.

ह्या डोंगराच्या शोधात आपली ख्रिस्तसभाही होती. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली नव्याने उभारलेली व्हॅटिकन वेधशाळा रोमच्या दिव्यांमुळे १९३० च्या दशकात कॅस्टेल गँडोल्फोला हलली. दिवे तेथेही पोहोचले. तेव्हा १९८० च्या दशकाच्या आरंभी तिच्या येशूसंघीय संशोधकांनी अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे दुसरे ठाणे मांडले. संचालक फादर जॉर्ज कॉइन ह्यांच्या कारकिर्दीत ॲरिझोना विद्यापीठाच्या सहकार्याने १.८ मीटर व्यासाच्या दुर्बिणीची योजना झाली. तिचा आरसा फिरत्या भट्टीत ओतलेला. भट्टी फिरू लागली की वितळलेली काच आपोआप अंतर्वक्र आकार घेते. ह्या पद्धतीने बनलेल्या मोठ्या आरशांतील हा पहिला. जागा ठरली माउंट ग्रॅहॅम, उंची दहा हजार फुटांहून अधिक. त्याच शिखरावर विद्यापीठाला आणखी मोठ्या दुर्बिणी उभारावयाच्या होत्या.

त्या शिखरावरील थंड अरण्यात एक लाल खार राहते. तिची ही उपजात जगात अन्यत्र कोठेही नाही. १९५० च्या दशकात ती नष्ट झाली असे मानले गेले, १९७० च्या दशकात ती पुन्हा आढळली आणि १९८७ साली नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत तिची नोंद झाली. ह्याच डोंगराला सान कार्लोसचे अपाची लोक पवित्र मानतात. पर्वतात वास करणाऱ्या दिव्य शक्तींचे ते घर, प्रार्थनेचे आणि औषधी वनस्पतींचे स्थान. डोंगर एके काळी त्यांच्या राखीव भूमीत होता. १८७० च्या दशकात सरकारने तो बाहेर काढला.

अमेरिकेच्या कायद्यानुसार आधी खारीचा अभ्यास आणि मग परवानगी, असा क्रम होता. १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने तो क्रमच मोडला. ॲरिझोना-आयडाहो संरक्षण कायद्यात (नाव संरक्षणाचेच!) एक प्रकरण जोडले गेले आणि पहिल्या तीन दुर्बिणींपुरत्या वन्यजीवविषयक अटी पूर्ण झाल्या आहेत असे समजावे, असे ठरवण्यात आले. समजावे! खारीचे काय होईल, हा निरीक्षणाने सोडवायचा प्रश्न मतदानाने सोडवला गेला. १९९० साली काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले की, ज्या सरकारी अभिप्रायाने शिखराची वाट मोकळी केली, त्यातील तो पर्याय जीवशास्त्रीय पुराव्यावर आधारलेला नव्हता. लोकनियुक्त सभागृह, बहुमत, राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी, लोकशाहीचे सर्व सोपस्कार येथे यथासांग झाले होते. आणि ज्या विज्ञानासाठी हे चालले होते, त्याच्याच पद्धतीला बगल मिळाली होती.

आम्हां कॅथलिकांना ह्याहून अधिक बोचणारी गोष्ट १९९२ सालची. डोंगराच्या वैध उपयोगाला आडकाठी यावी इतके पावित्र्य त्याच्या ठायी आहे, हे आपल्याला पटलेले नाही, अशी भूमिका व्हॅटिकन वेधशाळेने जाहीर केली. फादर कॉइन हे थोर वैज्ञानिक आणि श्रद्धा व विज्ञान ह्यांतील संवादाचे खंदे पुरस्कर्ते. त्यांच्याविषयी आदर राखूनच म्हणावेसे वाटते की, ह्या प्रश्नाचे उत्तर देणे दुर्बिणीच्या अधिकारात नव्हते. वांद्र्याच्या मोत माउलीची टेकडी पवित्र आहे की नाही, ह्याचा दाखला आपण कोणा भूगर्भशास्त्रज्ञाकडून घेऊ का?

१९९३ साली व्हॅटिकनच्या दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या दुर्बिणीची जागा बदलली, तेव्हा न्यायालयाने काम अडवले. १९९६ साली अर्थसंकल्पी विधेयकाला कलम जोडून काँग्रेसने तीही अडचण दूर केली. ह्या दुर्बिणीला ८.४ मीटरचे दोन आरसे आहेत. मायकेलसनचे तत्त्व तेथे मोठ्या प्रमाणावर नांदते. दोहोंचा प्रकाश जुळवला की बारकावा सुमारे २३ मीटरच्या एका आरशाइतका मिळतो. तिचा दुय्यम आरसा जेमतेम १.६ मिलिमीटर जाड. त्यामागील ६७२ चुंबके सेकंदाला हजार वेळांपर्यंत त्याचा आकार बदलून हवेची थरथर पुसून टाकतात. २०१० साली तिने टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रतिमा हबल दुर्बिणीहून सुमारे तिपटीने रेखीव निघाल्या. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

२००२ साली अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने हा डोंगर अपाचींचे परंपरागत सांस्कृतिक स्थान म्हणून राष्ट्रीय नोंदवहीस पात्र ठरवला. तोवर इमारती उभ्या होत्या. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘लौदातो सी’ ह्या परिपत्रकात लिहिले की, पर्यावरणाचा अभ्यास योजना ठरल्यानंतर नव्हे, तर आरंभापासूनच व्हावा, उघडपणे व्हावा, आर्थिक वा राजकीय दडपणाखाली होऊ नये. आणि आदिवासींशी त्यांच्या भूमीविषयी आधी बोलावे, कारण ती त्यांच्यासाठी पवित्र असते. परिपत्रकात माउंट ग्रॅहॅमचे नाव नाही. मला मात्र तो परिच्छेद वाचताना तेच शिखर आठवले.

जून २०१७ मध्ये वीज पडून त्या डोंगरावर वणवा पेटला. अग्निशामकांनी दुर्बिणी वाचवल्या. आदल्या वर्षीच्या गणनेत २५२ भरलेल्या खारी त्या वर्षी ३५ उरल्या. पुढे त्यांची संख्या पुन्हा शंभरापलीकडे गेली. सप्टेंबर २०२५ पासून व्हॅटिकन वेधशाळेचे संचालकपद गोव्याचे येशूसंघीय धर्मगुरू फादर रिचर्ड डिसोझा ह्यांच्याकडे आले आहे आणि त्यासोबत त्या डोंगरावरील दुर्बीणही.