भोरघाटातील मजुरी

१८५८ सालच्या जूनमध्ये खंडाळ्याहून पुण्याला आगगाडी धावू लागली. मुंबईची गाडी त्याआधीच खोपोलीपर्यंत पोचली होती. मधला घाट मात्र तसाच आडवा उभा होता. प्रवाशाने खोपोलीला उतरावे, पालखीत नाहीतर तट्टावर बसावे आणि खंडाळ्याला पुन्हा इंग्रजी डब्यात शिरावे, असा तो विलक्षण प्रवास होता. मावळातला भोई आणि विलायतेतले इंजिन, दोघेही एकाच प्रवासाचे चाकर!

घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे संचालक लंडनला, मुख्य अभियंता जेम्स बर्कली आणि कंत्राटदार फॅविएल हे दोघेही इंग्रज. पण सुरुंगाचे भोक पाडणारा आणि मातीची पाटी उचलणारी बाई आपल्या मुलखातली. या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणजे मुकादम. मजूर कंपनीला ओळखत नव्हता. तो मुकादमाला ओळखे, कारण गावाहून टोळी बांधून त्याला आणले त्याने, आणि रोजगाराची रक्कमही हातावर ठेवायची त्यानेच. टोळी आली की बायकापोरांसकट येई. पावसाळा लागला की घाटातले काम थंडावे आणि माणसे आपापल्या शेताकडे वळत. लंडनच्या वेळापत्रकाला मृग नक्षत्र माहीत नव्हते. पण कंत्राटदाराला ते मुकाट्याने मानावे लागले.

मानले नाही ते मजुरीचे गणित. कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडी चालो वा न चालो, व्याज मिळायचेच. मजुराच्या घामाला अशी हमी कोणी दिली नव्हती. कंपनीकडून कंत्राटदार, त्याच्याकडून पोटकंत्राटदार, मग मुकादम, अशा उतरंडीतून पैसा खाली येईपर्यंत बराचसा वाटेतच अडके. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. पुढे लवकरच फॅविएलने कंत्राट सोडले.

ही गोष्ट घाटापुरती राहिली नाही. १८६० साली सरकारने मालक आणि कामगार यांच्या तंट्यांचा कायदा केला. रेल्वे, कालवे अशा मोठ्या कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत, अशी त्यात सोय होती. हे ठीकच झाले. परंतु त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगही होता! मजुरी बुडवणे हा देण्याघेण्याचा प्रश्न, आणि काम सोडणे हा गुन्हा. तराजू कोणाच्या हातात होता, हे वाचकांस निराळे सांगणे नको.

फॅविएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल आला आणि त्याच वर्षी वारला. त्याची विधवा अॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. अॅडमसन व क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या हाती कारभार देऊन तिने काम पुरे करून घेतले. ज्या काळात आपल्याकडे विधवेला उंबरा ओलांडणे कठीण होते, त्या काळात एका विधवेच्या नावावर हा घाट बांधला गेला, याची आठवण कोणी ठेवलेली दिसत नाही. १८६१ साली घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकीने किती गेली त्यांची नावे कोणत्याच दगडावर नाहीत. आम्ही मास्तर मंडळी सहलीच्या मुलांना बोगदे मोजायला लावतो. ते पंचवीस होते. तेवढे मोजले की इतिहास झाला!

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांवर चढण. आता मुकादमाची सत्ता संपली आणि उताराची सुरू झाली. बेफाम सुटलेली गाडी अडवण्यासाठी घाटात चढावर चढत जाणारे आडमार्ग काढलेले आहेत, आणि काटा एरवी त्या आडमार्गाकडेच वळवलेला असतो. खाली येणाऱ्या गाडीने ठरल्या जागी थांबायचे. ती थांबली, ताब्यात आहे, अशी खात्री पटली तरच पुढचा रस्ता मिळतो. गोऱ्या ड्रायव्हरांच्या काळातही उताराने कोणाचा हुद्दा विचारला नाही. बाहेर कचेरीत साहेबापुढे वाकून उभा राहणारा काटेवाला इथे साहेबाची गाडी थांबलेली पाहत असे.